‘किरकोळ’ म्हणजे किती मिलिमीटर?

वाचकाचं पत्र: मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातू ओतून वस्तू घडवण्याच्या कारखान्यात) दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर आहे, वय 27. पाळी सुटताना लॉगबुक मीच लिहितो. मागच्या महिन्यात प्लँट हेडनी सगळ्यांसमोर विचारलं, “तुझ्या वहीत सगळं किरकोळच कसं असतंय रे?” मी खोटं कधी लिहीत नाही. पण वही चाळली तर खरंच पानोपानी ‘किरकोळ’, ‘थोडंसं’, ‘बाकी नॉर्मल’. पोरिंगवरची (साच्यात धातू ओतणारी) माणसं माझ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी मोठी. काहीही झालं तरी “काय नाही ओ साहेब” म्हणतात आणि मी तेच उतरवतो. उलट सगळं सविस्तर लिहिलं तर मालक म्हणणार, ऑडिटरच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? मी नेमके काय शब्द वापरू?

उत्तर:

नमस्कार. तुम्ही खोटं लिहीत नाही हे मान्य, आणि प्लँट हेडनाही तसं म्हणायचं नसावं. खोटं लिहायला हेतू लागतो. एखादी गोष्ट किरकोळीत काढायला नुसती सवय पुरते, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. जेवण असो, कुस्ती असो, नवी गाडी असो, कोल्हापूरकर ‘नाद खुळा’च्या खाली उतरत नाही, पण त्याच माणसाच्या पायावर वितळलेल्या धातूचा रस उडाला की “लय काय नाही, बारकं हाय.”

तुमच्या वहीत काय चाललंय ते आधी नीट वेगळं करू, कारण त्यावर उपाय ठरतो. झालेली गोष्ट मुद्दाम दिसू न देणं म्हणजे झाकाझाक. दुसऱ्याची चूक आपण पोटात घालणं म्हणजे पांघरूण घालणं. बोभाटा झाल्यावर उलटसुलट खुलासे देत बसणं म्हणजे सारवासारव. आणि गोष्ट सांगायची, पण अशा शब्दांत की ऐकणाऱ्यानं मान वर करून बघू नये, हा तुमचा प्रकार. पहिल्या तिन्हींत माणूस बदलावा लागतो. तुमच्या बाबतीत वाक्यं बदलली तरी बरंच काम होईल.

वही पुढ्यात घ्या आणि प्रत्येक ‘थोडं’, ‘जरा’, ‘किंचित’वर पेन्सिलनं गोल करा. तिथं एक आकडा बसायला हवा होता आणि त्याच्या जागेवर हा शब्द येऊन बसलाय. समजा एखाद्या पातळ भिंतीच्या कास्टिंगला ओतायचं तापमान 1380 ते 1410 अंश ठरलेलं आहे. 1372 ला ओतलं तरी तुम्ही लिहिणार ‘टेम्परेचर थोडं कमी’, आणि 1335 ला ओतलं तरी ‘थोडं कमी’. पहिल्यात बहुधा निभावून जाईल. दुसऱ्यात कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह नीट न सांधणं) आणि मिसरन (साचा पुरता न भरणं) यायची शक्यता सरळ वाढते. दोन दिवसांनी फेटलिंगवाला (कास्टिंग घासून साफ करणारा) ढीगभर पीस बाजूला काढून कारण विचारेल, तेव्हा वहीतल्या ‘थोडं’चा त्याला काडीचा उपयोग नाही. वाळूचंही तेच. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओल साधारण तीन ते चार टक्के राखतात. तुमच्या मिश्रणाची नेमकी मर्यादा सँड लॅबच्या तक्त्यावर असेल. ‘वाळू जरा ओली’ हा शेरा 4.1 ला आणि 5 ला सारखाच दिसतो, ब्लो होल (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणारी छिद्रं) मात्र दोन्हीकडे सारखे येत नाहीत. एसजी आयर्न (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड) ओतत असाल तर ‘ट्रीटमेंटनंतर ओतायला जरा उशीर झाला’ हे वाक्य वहीतून हद्दपारच करा. ट्रीटमेंटमध्ये घातलेलं मॅग्नेशियम उडत जातं, वेळ गेला की ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी ट्रीटमेंटपासून शेवटचा साचा ओतेपर्यंत दहा-बारा मिनिटांची मर्यादा घातलेली असते. तिथं फक्त दोन वेळा लिहायच्या: ट्रीटमेंट कधी, शेवटचा साचा कधी. वजाबाकी वाचणारा करेल.

यापेक्षा लबाड प्रकार म्हणजे जोडआकडे. ‘दोन-चार पीस गेले.’ ‘पाच-सहा साचे बसले.’ यांना आकड्याचा वेश असतो, म्हणून वाचणारा फसतो. बोलताना हे आकडे छान आहेत, ‘चार-दोन माणसं जेवायला येतील’ म्हटलं की घरात अंदाज येतो. वहीत ‘दोन-चार’ म्हणजे दोनही असतात आणि अकराही असतात. मोजले असतील तर 11 लिहा. मोजले नसतील तर ‘मोजले नाहीत, ढीग लाइन 2 च्या शेवटी वेगळा ठेवलाय, खडूनं खूण केली आहे’ असं लिहा. ही नोंद ‘दोन-चार’पेक्षा कितीतरी कामाची, कारण सकाळचा माणूस जाऊन मोजू शकतो.

आता क्रियापदांकडे या. ‘ॲडजस्ट केलं’, ‘बघून घेतलं’, ‘मॅनेज केलं’. मालकाला ऐकायला गोड लागतात आणि आत काय झालं ते पूर्ण गिळून टाकतात. ‘भट्टी 2 ला थोडा प्रॉब्लेम होता, ॲडजस्ट केला’ अशी नोंद तुमच्या वहीत असण्याची दाट शक्यता आहे. तो प्रॉब्लेम म्हणजे ग्राउंड लीकेजचा अलार्म आणि ॲडजस्ट म्हणजे रीसेटचं बटण, असं असेल तर हे वाक्य धोक्याचं आहे. इंडक्शन भट्टीत पातळ धातू आणि पाण्यानं थंड होणारी तांब्याची कॉइल यांच्यामध्ये काय असतं, तर लायनिंगचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या अस्तराचा थर. तो झिजला, त्याला तडा गेला, धातू त्यातून कॉइलकडे सरकू लागला, की तो अलार्म बोलतो. कधी नव्या लायनिंगमधली ओल असते, कधी कॉइलच्या इन्सुलेशनचा दोष असतो. बघितल्याशिवाय कळत नाही. धातू कॉइलपर्यंत पोचून पाण्याला भिडला तर पाण्याची वाफ होताना आकारमान सतराशे पटींच्या आसपास फुगतं, तेही डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. म्हणून अलार्म रीसेट करून पुढं चालू ठेवणं हा उपाय नव्हे. पॉवर बंद, कॉइलचं पाणी चालू, माणसं लांब, मेंटेनन्सला बोलावणं आणि गरज पडली तर भट्टी रिकामी करणं, असा क्रम असतो. तुमच्या भट्टीच्या कंपनीनं दिलेला लेखी क्रम असेल तर तोच पाळायचा.

तीच नोंद अशी लिहिता येते:

“रात्री 8.40. भट्टी 2, ग्राउंड लीकेजनं ट्रिप. धातू अंदाजे अर्धी भट्टी. पॉवर बंद, कूलिंग पाणी चालू. 8.45 मेंटेनन्सला फोन, 8.55 ला आले. रीसेट करून पाहिलं नाही. 9.20 धातू काढायचं ठरलं (मेंटेनन्स इनचार्ज व मी). 9.50 भट्टी रिकामी. लायनिंग तपासायचं बाकी. ‘चालू करू नये’ टॅग लावला.”

यात एकही मोठा शब्द नाही. ‘गंभीर’ नाही, ‘भीषण’ नाही. तरी पहिल्या पाळीचा माणूस हे वाचून भट्टी 2 कडे आपण होऊन जाईल. तुम्हाला वाटतं तसं ‘मोठं करून’ लिहायची गरजच नाही. वेळ, जागा, माप, केलेली कृती आणि काय बाकी राहिलं, एवढं आलं की गोष्ट जेवढी आहे तेवढी दिसते.

‘रीसेट करून पाहिलं नाही’ हे मुद्दाम घातलंय. न केलेली गोष्टही नोंदीत यावी. आणि केलं असेल, दोनदा केलं असेल, तर ‘8.42 व 8.47 ला रीसेट, पुन्हा ट्रिप’ असं सरळ लिहायचं. मेंटेनन्सवाल्याला सगळ्यात जास्त उपयोग त्याच ओळीचा होतो.

‘सांडलं’, ‘तुटलं’, ‘राहून गेलं’. मराठीत कर्ता अलगद गाळता येतो, ही भाषेची सोय आहे आणि लॉगबुकमध्ये ती नेहमीच वाईट नसते. लॅडल (धातू न्यायचं-ओतायचं भांडं) कुणी कलंडवला हे पहिल्या ओळीत आलं नाही तर बिघडत नाही. काय सांडलं, किती, कुठपर्यंत गेलं हे आधी हवं. पण ‘राहून गेलं’ मात्र सोडू नका. लॅडल तापवायचा राहून गेला म्हणजे बर्नर पेटला नाही, की गॅस संपला, की घाईत कुणी थांबलंच नाही? तिन्हींचा उपाय वेगळा. ओल असलेल्या लॅडलमध्ये धातू घेणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

इंग्रजीतून आलेला ‘नॉर्मल’ आणि आपला ‘नेहमीचंच’ हे सख्खे भाऊ, आणि आमच्या मते सगळ्या यादीत हेच दोघे घातक. ‘किरकोळ’ निदान काहीतरी घडलं हे कबूल करतं. ‘नेहमीचंच’ म्हणतं, घडलं, रोज घडतं, म्हणून बघायचं कारण नाही. पावसाळ्यात उघड्यावरच्या स्क्रॅपचं बघा. जुलैमध्ये ‘स्क्रॅप ओलं, नेहमीचंच’ असं तोंडी सगळे म्हणतात आणि वहीत काहीच येत नाही. ओलं स्क्रॅप रिकाम्या भट्टीत पहिल्या चार्जमध्ये (भरणीत) गेलं तर तापता तापता वाळून जातं. तेच स्क्रॅप आधीच पातळ झालेल्या धातूवर पडलं, किंवा दोन्ही टोकं बंद असलेला पाइप, शॉकअबसॉर्बर त्यातून आत गेला, तर धातू बाहेर उडतो. फरक ओलीचा नाही, कधी आणि कशावर टाकलं याचा आहे. ‘नेहमीचंच’मध्ये नेमका तोच पुसला जातो. पावसाळ्याचे चार महिने वहीत एक कायमची ओळ ठेवा: स्क्रॅप शेडमधलं की उघड्यावरचं, पहिल्या चार्जला की वरून, बंद पाइप वेगळे काढले का. रोज भरायला अर्धं मिनिट लागतं.

आता माणसांचं. तुम्ही विचारता कसं, त्यावर उत्तर ठरतं. “मामा, लय लागलं नाही ना?” असं विचारलं तर उत्तर प्रश्नातच दिलंय, वयानं मोठा माणूस तुमच्यासमोर ‘लय लागलंय’ कधी म्हणणार नाही. शिवाय त्याच्या डोक्यात वेगळा हिशेब असतो: दवाखान्यात गेलं की उद्याची हजेरी जाणार, ओव्हरटाइम जाणार, वर ‘लेग गार्ड का घातलं नव्हतं’ म्हणून बोलणी. म्हणून हो-नाहीत उत्तर येईल असं काही विचारूच नका. “मामा, बूट काढा बघू.” “कुठं उडालं, बोट लावून दाखवा.” “तुम्ही कुठं उभे होता?” मान राखूनच, पण करायला सांगा. बूट निघाल्याशिवाय ‘काय नाही’ वहीत लिहायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या.

भाजण्यात ‘दुखत नाही’ हा सगळ्यात फसवा शब्द आहे. वरवर भाजलं की लाल होतं, आग आग होते. खोल भाजलं की त्वचेतल्या संवेदना नेणाऱ्या नसाच जळतात. जागा पांढरट, चामड्यासारखी दिसते आणि मधोमध दुखत नाही. वितळलेला धातू बुटात गेला की तो तिथंच अडकून राहतो, त्यामुळे दिसायला रुपयाएवढं असलेलं आत खोल असू शकतं. मधुमेह असलेल्याला तर पायाचं अनेकदा आधीच कमी जाणवत असतं. त्यामुळे दुखणं हे माप धरू नका. आकार सांगायचा तर सेंटिमीटरमध्ये, किंवा मोठं असेल तर त्याच माणसाच्या बोटांसकट तळहाताएवढा भाग म्हणजे शरीराचा सुमारे एक टक्का, या हिशेबानं. हात, पाऊल, चेहरा, डोळा, सांधा यांवरचं भाजलेलं आकारानं कितीही लहान असलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. तोवर वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं, घड्याळ बघून. अंगठी, घड्याळ सूज यायच्या आधी काढायचं, चिकटलेलं कापड ओढायचं नाही, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचं नाही, स्वच्छ कापडानं सैल झाकायचं.

आणि नोंद अशी: “रात्री 10.05. पोरिंग लाइन 1, साच्यातून रस उसळला. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, सुमारे 2 × 3 सेंमी, पांढरट. वेदना कमी सांगतात. 10.10 ते 10.30 पाण्याखाली. 10.40 दवाखान्यात पाठवलं, सोबत एक जण. उजव्या लेग गार्डचं बक्कल तुटलेलं होतं. साचा वेगळा ठेवलाय.”

‘वेदना कमी सांगतात’ हे बघा. मामांचा शब्द खोटा पाडला नाही, पण तो त्यांचा शब्द आहे हे कळतं. कुणीतरी म्हणालेलं आणि तुम्ही पाहिलेलं यांत असा फरक ठेवलात तर तुमची अर्धी अडचण सुटली. ही नोंद त्यांच्याही कामाची आहे. आज ‘किरकोळ चटका’ लिहिलं आणि आठ दिवसांनी जखम चिघळली, तर ती कामावरचीच हे ईएसआयसीकडे (कामगार विमा महामंडळाकडे) पटवताना तोच शब्द त्यांच्या आडवा येईल. हे त्यांना एकदा सांगून बघा. ‘काय नाही ओ’चं प्रमाण आपोआप घटतं. लेग गार्डवरून त्या रात्री बोलू नका. बक्कल तुटलेलं होतं एवढं वहीत आहे, नवं मागवायचं काम स्टोअरचं आहे. नोंद आणि झाडाझडती एकाच वेळी सुरू झाली की पुढच्या वेळी नोंदच आक्रसते.

घरी फोन करायची वेळ आली तर तिथंही ही सवय नडते. “काय नाही वहिनी, जरा लागलंय, तुम्ही फक्त लगेच या” यापेक्षा घाबरवणारं वाक्य क्वचितच असेल. त्याऐवजी: पायाला भाजलंय, शुद्धीत आहेत, बोलतायत, अमुक दवाखान्यात नेलंय, सोबत अमका आहे. शक्य असेल तर फोन त्यांच्याच हातात द्या.

मालकांच्या ऑडिटच्या धास्तीचं म्हणाल, तर ऑडिटर एक वही बघून उठत नाही. तो तुमच्या लॉगबुकमधली तारीख घेतो आणि त्याच तारखेचं ब्रेकडाउन रजिस्टर, रिजेक्शनचा तक्ता, प्रथमोपचाराची वही मागतो. मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये भट्टी 2 बंद, 70 मिनिटं, आणि तुमच्याकडे ‘थोडा प्रॉब्लेम’. कोलीत हातात मिळतं ते इथं. अडचण नोंदलेली, त्यापुढं उपाय आणि तो कधी पुरा झाला हे लिहिलेलं, असं पान ऑडिटमध्ये कुणाला नडत नाही. तीन महिने सलग ‘बाकी नॉर्मल’ मात्र जरूर नडतं. मालकांना तत्त्व सांगत बसू नका, ही दोन रजिस्टरं शेजारी ठेवून दाखवा.

‘किरकोळ’ शब्द वहीतून कायमचा काढायचा का? नाही. बारीकसारीक सगळंच सारख्याच काळजीनं लिहिलं तर वही कुणी वाचणार नाही, आणि प्रत्येक पानावर लाल शाई दिसली की लालचाही अर्थ जातो. निवाडा करणारे शब्द मापाच्या मागं येऊ द्या आणि तो निवाडा कुणाचा ते लिहा. साचा ज्या नमुन्यावरून घेतात त्या पॅटर्नबद्दल असं: ‘पॅटर्नच्या कडेला 1 मिमी घासलेलं, पॅटर्न शॉपच्या मते किरकोळ, पुढच्या सेटअपला बघतील.’ हा ‘किरकोळ’ बिनधास्त चालेल.

पानाच्या तळाशी ‘बाकी नॉर्मल’ लिहायची जागा आहे तिथं ‘पुढच्या पाळीनं बघायचं’ असं लिहा, आणि खरंच काही नसेल तर ‘काही बाकी नाही’ लिहून सही करा. पाळी बदलताना ती एक ओळ पुढच्या सुपरवायझरला तोंडी वाचून दाखवा, त्याचीही सही घ्या. जुन्या पानांवरचं ‘किरकोळ’ खोडून आता आकडे भरू नका; ज्या दोन-तीन नोंदींबद्दल शंका वाटते त्यांच्याबद्दल आजच्या तारखेनं नवी ओळ लिहा, जुन्या पानाचा क्रमांक द्या आणि आठवणीतून लिहिलंय असं स्पष्ट नोंदवा. त्यातली एखादी भट्टीच्या लायनिंगची असेल तर ती उद्याच्या पाळीआधी मेंटेनन्सला दाखवा.